खरचुडीचे फूल, तिची माशी आणि न दिसणारा कंद

कृषी नियतकालिकात ‘माशी’ हा शब्द आला की वाचकाच्या डोळ्यांसमोर ज्वारीवरील खोडमाशी उभी राहते, काकडीवर्गीय पिकांतील फळमाशी उभी राहते, किंवा केवळ नावाने माशी असलेली, प्रत्यक्षात मावा-ढेकूण यांच्या गणातील पांढरी माशी. त्यापुढे येणारी शिफारसही ठरलेली असते: सर्वेक्षण, आर्थिक नुकसान पातळी आणि नियंत्रण. सह्याद्रीच्या माथ्यांवर मात्र वनस्पतींचा एक गट असा आहे, की ज्याचे पुढील पिढीचे बी दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या, कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या माश्यांवर अवलंबून आहे. या वनस्पतींना मराठीत खरचुडी म्हणतात. काही भागांत खरपुडी, काही जातींना हमण, तर फुलाच्या आकारावरून कंदीलपुष्प हेही नाव रूढ झाले आहे. वनस्पतिशास्त्रात या प्रजातीचे नाव सेरोपेजिया.

हे नाव लिनिअसने १७५३ मध्ये दिले. ग्रीक भाषेतील मेण आणि झरा या दोन शब्दांपासून ते बनले आहे. मेणाचे कारंजे, असा त्याचा अर्थ. फुलांचा झुबका त्याला मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा वाटला असावा. मराठी माणसाला त्यात कंदील दिसला. दोन्ही उपमा चपखल आहेत, पण फुलाचे खरे काम दोन्हींतून कळत नाही. ते फूल एक सापळा आहे. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय या वनस्पतीचे संवर्धन कोठे अडते हे उमगत नाही.

खरचुडी ही रुईच्या नात्यातील वनस्पती. पूर्वी रुईचे कुळ स्वतंत्र मानले जाई. आता ते कण्हेरीच्या कुळात समाविष्ट केले जाते. पारंपरिक मांडणीनुसार या प्रजातीच्या जगभरात सुमारे २०० जाती असून त्या प्रामुख्याने आफ्रिका आणि आशियात आढळतात. भारतात पन्नासाहून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती भारताबाहेर कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. सेरोपेजिया बल्बोसा ही जात कोरड्या मैदानी प्रदेशातही सापडते, सेरोपेजिया पुसिला निलगिरीच्या उंच गवताळ भागात वाढते. पण जातींची खरी दाटी आहे ती पश्चिम घाटाच्या उत्तर भागात, म्हणजे महाराष्ट्रातील सह्याद्रीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतील एम. वाय. अन्सारी यांनी १९८४ मध्ये या प्रजातीवर स्वतंत्र पुस्तिका सिद्ध केली, आणि त्या काळात भारतीय वनस्पतींच्या संकटग्रस्त यादीत, म्हणजे ‘रेड डेटा बुक’मध्ये, खरचुडीच्या अनेक जाती दाखल झाल्या.

यांतील काही जाती वेलीसारख्या झुडपांवर चढतात. सेरोपेजिया हिरसुटा, ओक्युलाटा आणि इव्हान्सी या त्यांपैकी. काही जाती मात्र वीत-दीड वीत उंचीच्या ताठ रोपांच्या रूपात माथ्यावरील उथळ मातीत आणि कातळाच्या खाचांत वाढतात. कास पठारावर आढळणारी सेरोपेजिया जैनी ही त्यांतलीच. पावसाळ्यात गवतातून डोके वर काढणारे ते इवलेसे रोप फुलाशिवाय ओळखणे सरावलेल्या डोळ्यालाही अवघड जाते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील सेरोपेजिया लॉई हूकर यांनी १८८३ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वर्णिली. त्यानंतर दीर्घकाळ ती कोणाच्या दृष्टीस पडली नाही आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा नोंदली गेली. नाशिक जिल्ह्यातील अंजनेरीच्या डोंगरावरची सेरोपेजिया अंजनेरिका तर २००६ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली. हनुमानाचे जन्मस्थान म्हणून ज्या डोंगरावर शतकानुशतके भाविक जात आहेत, त्याच्या माथ्यावरील एका फुलाला शास्त्रीय नाव मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

सापळ्याची रचना

खरचुडीचे फूल तळाशी फुगीर, मध्ये अरुंद नळीसारखे आणि वर पुन्हा रुंद होत जाणारे असते. नळीच्या मुखाशी पाच पाकळ्यांची टोके एकमेकांना चिकटून पिंजरा तयार होतो. दोन पाकळ्यांमधल्या फटी म्हणजे या पिंजऱ्याची दारे. पाकळ्यांच्या टोकांशी किंवा कडांशी गंध निर्माण करणाऱ्या पेशी असतात. काही जातींत कडांवर बारीक केस असून ते वाऱ्याच्या झुळकीने थरथरतात. गंधाच्या दिशेने आलेली माशी फटीतून आत येते आणि नळीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तिचे पाय ठरत नाहीत. नळीच्या आतील केस खालच्या दिशेने वळलेले असतात. खाली जाणाऱ्या माशीला ते वाट देतात, वर येणाऱ्या माशीला अडवतात. मासे धरण्यासाठी ओढ्यात लावलेला निमुळत्या तोंडाचा बांबूचा सापळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

आत पडलेली माशी प्रकाशाकडे जाऊ पाहते. इथे फुलाची दुसरी युक्ती दिसते. अनेक जातींत फुगीर तळाचा काही भाग पारदर्शकतेच्या जवळ जाणारा, फिकट असतो; जणू भिंतीत काच बसवली आहे. नळीचा भाग गडद आणि तळ उजळ, अशी प्रकाशाची योजना असल्यामुळे सुटकेचा मार्ग शोधणारी माशी वर न जाता तळाशीच, म्हणजे नेमक्या पुंकेसर व स्त्रीकेसर जेथे आहेत त्या स्तंभाभोवती घोटाळत राहते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्टेफान फोगेल यांनी १९६१ मध्ये या सापळा-फुलांचे परागीभवन तपशीलवार मांडले. आजही या विषयाचा अभ्यास त्या मांडणीपासून सुरू होतो.

माशी आत मरत नाही, हे महत्त्वाचे. कीटकभक्षी वनस्पतींप्रमाणे खरचुडी तिला पचवत नाही. साधारण एक दिवस किंवा काही जातींत त्याहून अधिक काळ लोटला की नळीतील केस कोमेजतात, फुलाचा ताठपणा जातो, काही जातींत फूल खाली झुकते, आणि माशी मोकळी होते. तोपर्यंत तिच्या सोंडेवर परागांची जोडी चिकटलेली असते. ती घेऊन ती पुन्हा दुसऱ्या फुलात फसली, तर परागीभवन पूर्ण होते. एकदा फसलेली माशी दुसऱ्यांदाही फसावी, एवढ्या भरवशावर ही सारी व्यवस्था उभी आहे.

गंधाची फसवणूक

माशी मुळात आतच का जाते, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर दक्षिण आफ्रिकेतील एका जातीच्या अभ्यासातून मिळाले. सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवर काम करणाऱ्या आनमारी हायडुक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की या फुलाचा गंध हल्ला झालेल्या मधमाशीच्या गंधाची नक्कल करतो. कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या शरीरातून विशिष्ट रसायने बाहेर पडतात. डेस्मोमेटोपा नावाच्या बारीक माश्या या गंधावर येतात आणि कोळी मधमाशी खात असताना बाहेर झिरपणारा रस चाटतात. दुसऱ्याच्या ताटातले उचलून खाण्याचाच हा प्रकार. फुलाच्या गंधात जिरॅनिऑल आणि २-हेप्टॅनोन यांसारखी जी संयुगे सापडली, ती मधुमक्षिकापालकांना परिचित आहेत. पहिले मधमाश्यांच्या एकत्र येण्याच्या संकेतगंधात असते, तर दुसरे कामकरी माश्यांच्या जबड्याजवळील ग्रंथींतून धोक्याच्या वेळी स्रवते. माशी मेजवानीच्या आशेने येते आणि रिकाम्या कंदिलात अडकते.

प्रत्येक जात हाच गंध वापरते असे नाही. खरचुडीच्या निरनिराळ्या जातींतून निरनिराळ्या कुळांतील माश्या मिळाल्या आहेत: मिलिकीडी, क्लोरोपिडी, फोरिडी, आणि डासांच्या दूरच्या नात्यातील चावऱ्या चिलटांचे सेरॅटोपोगोनिडी कुळ. एका जातीच्या फुलात बहुतेक वेळा एक-दोन कुळांतील माश्यांचेच प्राबल्य दिसते, आणि अनेकदा त्या सर्व माद्याच असतात. म्हणजे ‘कोणतीही माशी चालेल’ अशी स्थिती नाही. कुलपाला विशिष्ट किल्ली लागावी, तसा हा संबंध आहे.

तो इतका काटेकोर का, याचे उत्तर परागांच्या रचनेत आहे. रुईच्या कुळात पराग सुटे नसतात. ते मेणासारख्या परागपुंजात बांधलेले असतात आणि दोन परागपुंज एका सूक्ष्म चिमट्याने जोडलेले असतात. हा चिमटा माशीच्या सोंडेवरील केसात किंवा काट्यात अडकतो. दुसऱ्या फुलात गेल्यावर परागपुंज स्तंभावरील एका अरुंद खाचेत नेमक्या बाजूने सरकला, तरच बीजधारणा होते. वारा हे काम करू शकत नाही. मधमाशीच्या आकाराला फुलात वावच नाही. हाताने परागीभवन करायचे, तर सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म सुईने फुलाचे विच्छेदन करावे लागते. भोपळ्याचे नरफूल खुडून मादीफुलावर घासण्याइतके ते सोपे नाही. या कुळात फळधारणेचे प्रमाण मुळातच अल्प असते. शेकडो फुलांतून मोजकीच फळे. माशी दुर्मीळ झाली तर हे प्रमाण कोठे जाईल, याची कल्पना करता येते.

वर्षातील आठ महिने

फूल जितके विलक्षण, तितकेच त्याचे वार्षिक वेळापत्रकही शेतकऱ्याने समजून घेण्याजोगे आहे. जूनच्या पावसानंतर जमिनीतील कंदातून कोंब येतो. जातीनुसार जुलै ते सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात फुले येतात. परागीभवन झाले असेल, तर शिंगांच्या जोडीसारखी दोन बारीक, टोकदार फळे धरतात. ती वाळून उकलतात तेव्हा रेशमी शेंड्यांची बिया वाऱ्याबरोबर उडून जातात, अगदी रुईच्या म्हाताऱ्यांप्रमाणे. पाऊस संपता संपता रोप सुकते, आणि त्यानंतर सात-आठ महिने जमिनीवर काहीही दिसत नाही. कंद मातीत, बी मातीवर.

डोंगरावरील बहुतेक मानवी कामे याच सात-आठ महिन्यांत होतात, ही खरचुडीची खरी अडचण आहे.

वणव्याचे उदाहरण घ्यावे. पुढच्या पावसात गवत चांगले येते, या समजुतीने फेब्रुवारी ते मे या काळात डोंगर पेटवले जातात. पुरेशा खोलीवरचा कंद एखाद्या वणव्यातून वाचतो, आणि म्हणून जुलैत पुन्हा चार रोपे दिसली की आगीने काही बिघडले नाही असा निष्कर्ष काढला जातो. पण त्याच वेळी जमिनीच्या पृष्ठभागावर पडलेले गेल्या हंगामातील बी भाजून जाते आणि पालापाचोळ्यात कोषावस्थेत असलेल्या माश्याही जातात. जुने कंद फुलत राहतात, नवी रोपे येत नाहीत. अशी वस्ती वरून निरोगी दिसते आणि आतून म्हातारी होत जाते. फळबागायतदार ज्याला नांग्या न भरलेली जुनी बाग म्हणेल, तसे काहीसे.

दुसरे काम मृद व जलसंधारणाचे. सलग समतल चर, खड्डे, दगडी बांध ही कामे उन्हाळ्यात निघतात, आणि ती पायथ्याच्या व मधल्या उतारावरच्या शेतीसाठी उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु माथ्यावरील उथळ मातीच्या सपाटीवर आणि कातळालगतच्या गवताळ पट्ट्यांत चर खोदले जातात, तेव्हा एका ओळीत कितीतरी कंद उपटले जातात. खोदणाऱ्याला ती कोणत्या तरी गवताची गाठ वाटते. तसेच वृक्षलागवडीचे. गिरिपुष्प, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांसारखी झाडे माथ्यावर लावली आणि ती जगली, तर सावली आणि पालापाचोळ्याखाली मोकळ्या उन्हाची सवय असलेल्या लहान रोपांना जागा उरत नाही. ‘ओसाड डोंगर’ हा शब्द सरकारी आराखड्यांत फार सैलपणे वापरला जातो. एप्रिलमध्ये पाहणी करणाऱ्याला कासचे पठारही ओसाडच दिसेल. ज्या माथ्याची पाहणी ऑगस्टमध्ये झालेली नाही, त्याला ओसाड ठरवण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

कंद खोदून खाण्याची प्रथाही जुनी आहे. गुराखी मुले आणि डोंगरातील कुटुंबे काही जातींचे कंद कच्चे किंवा उकडून खातात. रानडुकरे आणि साळिंदरेही ते उकरतात. पोटासाठी चार कंद काढणाऱ्या माणसावर या वनस्पतीच्या ऱ्हासाचे खापर फोडणे न्याय्य नाही. जाती मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या होत्या, तोवर हा उपसा पेलला जात होता. एकाच डोंगरावर उरलेल्या जातीला तो पेलत नाही. त्याहून वेगळा आणि अधिक घातक आहे तो हौशी संग्राहकांच्या बाजारासाठी होणारा उपसा. खरचुडीच्या सर्व जाती निर्यातबंदी असलेल्या वन्य वनस्पतींच्या यादीत आहेत आणि निसर्गातून काढलेले कंद परदेशी पाठवणे गुन्हा आहे, ही माहिती डोंगराजवळच्या गावांपर्यंत पोहोचलेली असणे आवश्यक आहे.

माशीचे घर

खरचुडीवर लिहिणारे बहुधा कंदाबद्दल लिहितात. माशी कोठे वाढते, याकडे क्वचितच कोणी वळते. मिलिकीडी कुळातील अनेक माश्यांच्या अळ्या शेणात व कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत वाढतात. क्लोरोपिडीतील अनेक जातींच्या अळ्या गवताच्या खोडांत किंवा कुजक्या वनस्पतिभागांत, तर सेरॅटोपोगोनिडीच्या ओलसर मातीत, शेवाळात आणि डबक्यांच्या काठी. म्हणजे फुलाच्या रक्षणासाठी गवत हवे, माथ्यावरची पावसाळी डबकी हवीत, आणि काही प्रमाणात गुरांचे शेणही हवे.

शेणाच्या या मुद्द्यामुळे चराईचा प्रश्न वेगळ्या प्रकाशात येतो. पूर्ण चराईबंदी हा संवर्धनाचा सोपा मार्ग वाटतो. कास पठारावर कुंपण घातल्यानंतर जी चर्चा झाली, ती या दृष्टीने बोधप्रद आहे. गुरे थांबली, उंच गवत माजले आणि लहान फुले त्यात दबू लागली, असे स्थानिक ग्रामस्थांनी वारंवार निदर्शनास आणले. पठारावरच्या गवताचा आणि गुरांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. एकदम तोडल्यास त्याचे परिणाम होतात. दुसऱ्या टोकाला, फुलोऱ्याच्या काळात मोठे कळप एकाच जागी बसवले तर रोपे तुडवली जातात आणि खुडली जातात. मध्यम मार्ग काढणे शक्य आहे. जेथे खरचुडीची ताठ वाढणारी रोपे दाटीने आहेत, ती जागा जुलैपासून फळे उकलेपर्यंत टाळावी आणि नंतर गुरे मोकळी सोडावीत. गावाने एकत्र बसून ठरवले, तर कुंपणाचा खर्चही लागत नाही.

शेणाशी निगडित आणखी एक गोष्ट पशुपालकांच्या व विस्तार कार्यकर्त्यांच्या ध्यानात क्वचितच येते. गुरांना गोचीड व जंतांसाठी दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनसारख्या औषधांचा अंश पुढे काही दिवस ते काही आठवडे शेणातून बाहेर पडत राहतो. त्या शेणात वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या आणि शेणकिडे त्यामुळे मरतात. शेण कुजण्याचा वेगही मंदावू शकतो. जनावराच्या आरोग्याशी तडजोड करावी असे कोणीही सुचवणार नाही. पण औषध दिलेली जनावरे पहिले दोन-तीन आठवडे गावाजवळच्या गायरानात किंवा गोठ्यात ठेवून मग माथ्यावर सोडणे जमण्यासारखे आहे. केवळ आतड्यातील जंतांसाठी उपचार करायचा असेल, तर फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल यांच्या गटातील औषधे शेणातील कीटकांना तुलनेने कमी घातक ठरतात. निवड अर्थातच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी.

माथ्याखालच्या भात, नाचणी, वरई यांच्या खाचरांत पूर्वी कीटकनाशकांचा वापर नगण्य होता. आता भाजीपाला आणि स्ट्रॉबेरीसारखी पिके अनेक डोंगरउतारांवर चढली आहेत आणि त्यांच्याबरोबर फवारणीही. वाऱ्याबरोबर वाहत जाणारा फवारा दोन मिलिमीटरच्या माशीला पुरेसा असतो. बांधावर तणनाशक मारण्याची जी नवी सवय जडली आहे, ती तर बांधाच्या झुडपांवर चढणाऱ्या खरचुडीच्या वेलींना थेट संपवते. सेरोपेजिया हिरसुटासारख्या आज तुलनेने सर्वत्र दिसणाऱ्या जाती याच बांधांवर आहेत. आज सर्वत्र आहेत म्हणूनच त्यांचा विचार वेळीच करता येईल.

कुंडीतील यश आणि त्याची मर्यादा

खरचुडीच्या संवर्धनात महाराष्ट्रात भरीव काम झाले आहे, याची नोंद घ्यायलाच हवी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जोपासल्या, त्यांचे अभिवर्धन केले आणि रोपे पुन्हा निसर्गात लावण्याचे प्रयत्न केले. ऊतिसंवर्धनाच्या पद्धती अनेक जातींसाठी उपलब्ध आहेत. ताजे बीही योग्य ओलाव्यात सहज रुजते. रोपे तयार करणे ही आता अशक्य गोष्ट राहिलेली नाही.

तरीही रोपांची संख्या आणि जातीचे भवितव्य एकच नव्हे. शहरी घरांतील टांगत्या कुंड्यांत दिसणारी, हृदयाच्या आकाराच्या पानांची ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ ही दक्षिण आफ्रिकेतील खरचुडीच आहे. तिच्या वेलीवर येणाऱ्या मण्यांसारख्या गाठींपासून लाखो रोपे तयार होऊन जगभर गेली. त्यांपैकी बहुसंख्य एकमेकांच्या प्रतिकृती आहेत आणि त्यांना माशीची गरज कधी पडली नाही. कुंडीसाठी ते पुरेसे आहे. डोंगरावर, जेथे दर पिढीला बदलता पाऊस आणि नवे रोग यांना तोंड द्यायचे असते, तेथे एकाच कंदाच्या हजार प्रतिकृती म्हणजे एकच रोप हजार ठिकाणी. म्हणून पुनर्रोपणासाठी बियांपासूनची आणि निरनिराळ्या मातृवृक्षांऐवजी निरनिराळ्या मातृरोपांची, असा आग्रह धरावा लागतो. आणि रोपे लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी किती जगली यापेक्षा किती रोपांना जुळी फळे धरली, हा प्रश्न विचारावा लागतो.

रोपवाटिकेत खरचुडी वाढवणाऱ्यांसाठी एक सूचना. रुई-कण्हेरीवर येणारा पिवळा मावा या रोपांवरही कोवळ्या शेंड्यांना चिकटून बसतो. त्यासाठी आंतरप्रवाही कीटकनाशक वापरण्याची आवश्यकता नाही. पाण्याचा जोरदार फवारा आणि प्रादुर्भाव झालेले शेंडे खुडणे एवढे पुरते. पट्टेदार काळ्या-पिवळ्या अळ्या दिसल्या, तर त्या ‘प्लेन टायगर’ म्हणजे साध्या वाघ्या फुलपाखराच्या असण्याची शक्यता मोठी. त्या उचलून जवळच्या रुईवर सोडाव्यात.

नोंद कोणती ठेवावी

अंजनेरीचा डोंगर २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. पुढे माथ्यापर्यंत मोटाररस्ता नेण्याचा विचार पुढे आला, तेव्हा निसर्गप्रेमींनी त्याला विरोध केला आणि त्यात गिधाडांच्या घरट्यांबरोबरच या फुलाचाही दाखला दिला गेला. तो दाखला देता आला, कारण ते फूल तेथे आहे याची नोंद होती. बहुसंख्य डोंगरमाथ्यांसाठी अशी नोंद नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. अनेक गावांच्या नोंदवह्यांत आंबा, फणस, हिरडा आणि गुरांच्या जाती तपशिलाने आढळतात. माथ्यावरच्या पावसाळी रोपांचे पान कोरे असते.

ते पान भरण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. ऑगस्टमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा अशा दोन फेऱ्या पुरेशा आहेत. पहिल्या फेरीत फुलाचे समोरून व बाजूने छायाचित्र, पानाचे छायाचित्र, रोप ताठ आहे की वेल, माती किती उथळ आहे, शेजारी कोणते गवत आहे, एवढे टिपावे आणि साधारण शंभर पावलांच्या पट्ट्यात फुललेली रोपे मोजावीत. फूल तोडू नये, कंद उकरू नये. जातीची ओळख छायाचित्रावरून जवळच्या महाविद्यालयातील किंवा विद्यापीठातील तज्ज्ञ करू शकतात. दुसऱ्या फेरीत त्याच पट्ट्यात किती रोपांना शिंगांसारखी फळे आहेत ते मोजावे. माशी ओळखता आली नाही तरी तिने काम केले की नाही, हे या एका आकड्यावरून कळते. सलग दोन-तीन वर्षे भरपूर फुले असूनही फळे नसतील, तर त्या माथ्यावर माशीचे काहीतरी बिघडले आहे. आग, फवारणी, शेण किंवा डबकी यांपैकी काय बदलले, याचा शोध मग गावातच घेता येतो.

नेमके स्थान समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह टाळावा. छायाचित्र टाकायचेच असेल, तर मोबाईलमधील स्थाननोंद आधी काढून टाकावी. संग्राहक याच मार्गाने पोहोचतात. स्थानाची सविस्तर नोंद समितीकडे, वनरक्षकाकडे आणि कृषी सहायकाकडे असावी. मृद संधारणाचा आराखडा डिसेंबर-जानेवारीत तयार होतो. त्या वेळी ऑगस्टमधील नोंदवही टेबलावर उघडी असेल, तर माथ्यावरचा चर पन्नास पावले खाली सरकवणे हे केवळ नकाशावर पेन्सिलने रेष बदलण्याचे काम आहे. मार्चमध्ये यंत्र डोंगरावर चढल्यानंतर ते तितके सोपे राहत नाही.